उतरत्या भावावर घोडा लावायची पद्धत : पैसे घालण्याआधी ती कशी तपासायची

शर्यतीतल्या एका घोड्याचा पैजेचा भाव अर्ध्या तासात 8 वरून 6 वर आला. म्हणजे कुणीतरी जाणकारानं पैसे ओतले, म्हणजे घोड्यात दम आहे, म्हणजे लावा. बदलत्या भावावर चालणाऱ्या बहुतेक पद्धती या एवढ्याच विचारातून निघतात. कुणी भाव उतरलेला घोडा लावतं, कुणी भाव चढलेल्या घोड्याच्या विरोधात जातं, कुणी सकाळचा अंदाजी भाव आणि सुटतानाचा भाव यांतलं अंतर बघतं.

कल्पना पोकळ नाही. ॲश, मॅल्किएल आणि क्वांट या अर्थतज्ज्ञांनी अटलांटिक सिटीतल्या 1978 सालच्या शर्यती तपासल्या. 1982 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत जिंकलेल्या घोड्यांचे शेवटचे भाव सकाळच्या अंदाजी भावापेक्षा खाली आलेले दिसतात. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकी मॉडेल चालवणाऱ्या बिल बेंटर यांनी 1994 मध्ये दाखवलं, की स्वतःच्या मॉडेलची शक्यता आणि लोकांच्या पैशातून बनलेल्या भावातली शक्यता एकत्र केली की अंदाज सुधारतो. भावात माहिती असते, हे नक्की.

पण घोडा जिंकायची शक्यता वाढली हे कळणं वेगळं आणि त्यातून पैसा सुटणं वेगळं. शक्यता वाढली हे सगळ्यांना कळलं म्हणूनच तर भाव उतरला. म्हणून अशा पद्धतीची चाचणी घेताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : हिशेबात धरलेला भाव त्या क्षणी, तेवढ्या रकमेला, माझ्या हाती लागला असता का? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहेत. सगळीकडे दशांश भाव वापरले आहेत. 6 भाव म्हणजे 1 लावला आणि घोडा जिंकला तर मूळ 1 धरून 6 परत.

पहिली पायरी : कोणत्या बाजारात खेळणार ते ठरवा

तीन बाजार आहेत आणि तिन्हींत भाव या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

बुकीकडे ठरलेला भाव मिळतो. तुम्ही 8 ला लावलं आणि नंतर भाव 5 झाला, तरी तुमचे 8 कायम. अडचण दुसरीकडे आहे. भाव उतरायच्या आधी सातत्यानं लावणाऱ्या माणसाची रक्कम बुकी कमी करत नेतो, कधी पैज नाकारतोही. कागदावर पद्धत कितीही चालली, तरी रकमेवर मर्यादा येणार हे आधीच धरून चाला.

टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका पुंजीत जातात, त्यातून आयोजक आपला वाटा कापतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. ही रीत जोसेफ ओलेर यांनी 1867 मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली, आणि जॉर्ज ज्युलियस यांनी बनवलेलं स्वयंचलित टोट यंत्र 1913 मध्ये ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर बसलं. टोटच्या फलकावरचा भाव हे आश्वासन नसतं, तो फक्त त्या क्षणाचा हिशेब असतो. समजा पुंजीत 1,00,000 आहेत, कापणी 20 टक्के आणि तुमच्या घोड्यावर 8,000 लागलेत. फलक 10 दाखवेल. तुम्ही लावलंत. शेवटच्या मिनिटात आणखी 50,000 आले आणि त्यातले 10,000 याच घोड्यावर गेले. आता वाटायचे 1,20,000 आणि घोड्यावर 18,000. हाती येणार 6.67. म्हणजे टोटवर भाव उतरलेला घोडा लावणाऱ्याला उतरलेलाच भाव मिळतो, आणि तो किती उतरणार हे लावताना कळतही नाही.

शिवाय तुमची स्वतःची रक्कमही भाव पाडते. 10,000 च्या लहान पुंजीत घोड्यावर 400 असतील तर फलक 20 दाखवतो. तुम्ही 100 लावलेत की तोच भाव 16.16 होतो. चाचणीत स्वतःची पैज पुंजीत मिळवून मगच भाव काढा.

तिसरा बाजार एक्सचेंजचा. इथे लोक बुकीशी नाही, एकमेकांशीच पैज लावतात. 2000 साली बेटफेअर हे एक्सचेंज सुरू झालं तेव्हापासून सामान्य माणूस घोड्याच्या बाजूनंही लावू शकतो आणि विरोधातही. भाव ठरलेला मिळतो, पण समोर विरुद्ध बाजूनं लावणाऱ्यांची तेवढी रक्कम उभी असली तरच. जिंकलेल्या रकमेवर कमिशनही जातं. 5 टक्के कमिशन धरलं तर 6 चा भाव प्रत्यक्षात 5.75 पडतो. 6 ला बरोबरीत सुटायला 16.67 टक्के वेळा जिंकावं लागतं, 5.75 ला 17.39 टक्के. फरक बारीक दिसतो, पण अशा पद्धतींची सगळी कमाई एवढ्याच फटीत असते.

बदलत्या भावाची पद्धत तपासायला एक्सचेंज सर्वांत सोयीचं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मिनिटामिनिटाचा भाव वेळेसकट मिळतो आणि जुन्या नोंदीही उपलब्ध असतात. टोटवर तपासायचं असेल तर अंतिम वाटप सोडून दुसरा कोणताही आकडा परताव्याच्या हिशेबात घेऊ नका.

दुसरी पायरी : नियम असा लिहा की परक्या माणसाला चालवता आला पाहिजे

"भाव चांगला उतरला की लावायचं" हा नियम नव्हे. चांगला म्हणजे किती, कधीपासून कधीपर्यंत, कुणाच्या फलकावर, हे ठरलेलं नसेल तर निकाल लागल्यावर प्रत्येक जिंकलेला घोडा नियमात बसतो आणि प्रत्येक हरलेला बाहेर पडतो. माणूस मुद्दाम खोटं करत नाही, त्याची नजरच तशी वळते.

नियम असा हवा : जाहीर वेळेच्या 30 मिनिटं आधीचा भाव आणि 5 मिनिटं आधीचा भाव घ्या. दोन्ही वेळी बाजूनं लावायचा सर्वोत्तम उपलब्ध भाव धरा. 30 मिनिटांआधीचा भाव 4 ते 15 च्या दरम्यान असेल आणि 5 मिनिटांआधी तो 20 टक्के किंवा जास्त उतरलेला असेल, तर 4 मिनिटं आधी जो भाव उपलब्ध असेल त्याला 1 एकक लावा. शर्यतीत दोन घोडे बसले तर जास्त उतरलेला घ्या. 6 पेक्षा कमी घोडे असतील तर शर्यत सोडा.

इथे निर्णय 5 मिनिटांआधी आणि पैज 4 मिनिटांआधी अशी मुद्दाम फारकत केली आहे. भाव वाचणं, ठरवणं आणि लावणं यात वेळ जातोच. तो वेळ नियमातच लिहून टाकला की पुढे पळवाट राहत नाही.

जाहीर वेळ म्हटलंय, प्रत्यक्ष सुटण्याची वेळ नाही, याकडेही लक्ष द्या. शर्यती उशिरा सुटतात. एखादा घोडा गेटमध्ये शिरायला तयार होत नाही, एखाद्याचा नाल पुन्हा ठोकावा लागतो. "सुटण्याआधी 5 मिनिटं" हा क्षण फक्त नंतर कळतो. त्यावर बांधलेला नियम खेळताना चालवताच येत नाही.

तिसरी पायरी : उतार नेमका कशात मोजायचा

20 वरून 15, 8 वरून 6 आणि 2 वरून 1.5. तिन्ही ठिकाणी भाव 25 टक्क्यांनीच उतरला. शक्यतेत बघा : पहिला घोडा 5 टक्क्यांवरून 6.67 वर गेला, दुसरा 12.5 वरून 16.67 वर, तिसरा 50 वरून 66.67 वर. पहिल्याची वाढ पावणेदोन अंशांच्या आत, तिसऱ्याची साडेसोळाच्या वर. पहिल्यासाठी थोडासा पैसा पुरतो, तिसऱ्यासाठी पैशांचा लोंढा लागतो. भावातली टक्केवारी हेच एकमेव माप ठेवलं तर तुमच्या यादीत लांब भावाचे घोडे भरून जातील, कारण त्यांचा भाव किरकोळ रकमेनंही हलतो. म्हणून नोंदीत भावाची टक्केवारी आणि शक्यतेतला फरक, दोन्ही ठेवा. नियमात कोणतं वापरायचं ते एकदा ठरवा आणि बदलू नका.

शक्यता काढताना गाळा वेगळा करायला विसरू नका. सहा घोड्यांचे भाव 2.5, 4, 6, 8, 12 आणि 15 आहेत असं धरा. प्रत्येकाचा उलटा अपूर्णांक काढून बेरीज केली तर 109.17 टक्के येते. शंभराच्या वरचे 9.17 हा बुकीचा गाळा, म्हणजे भावातच धरलेला त्याचा वाटा. प्रत्येक शक्यतेला 1.0917 नं भागलं की फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, 40 टक्क्यांवरून 36.64 वर येतो. सकाळी गाळा मोठा आणि सुटताना लहान, असं सर्रास असतं. त्यामुळे दोन वेळांची तुलना गाळा काढलेल्या शक्यतांवर करा. तसं न केल्यास घोड्याकडे पैसा आला की नुसता बुकीनं गाळा कमी केला, हे वेगळं दिसणार नाही.

आणि आता तो सापळा, ज्यात सर्वांत जास्त चाचण्या अडकतात. 5 भावाच्या एका घोड्यानं ऐन वेळी माघार घेतली. त्याची 20 टक्के शक्यता आता बाकीच्यांत वाटली जाणार. 8 भावाच्या घोड्याची शक्यता 12.5 होती, ती 12.5 भागिले 0.8 म्हणजे 15.625 टक्के झाली. भाव आला 6.4. वीस टक्के उतार, आणि त्या घोड्यावर एक नवा पैसाही लागलेला नाही! तुमचा नियम मात्र टुणकन उठून त्याला पकडतो. त्यावर कडी म्हणजे, माघारीआधी लावलेल्या पैजांच्या परताव्यातून बुकी कपात करतो आणि एक्सचेंजवरही भाव त्या प्रमाणात खाली आणला जातो. म्हणजे ज्यानं 8 ला लावलं त्यालाही पूर्ण 8 मिळणार नाहीत. सोपा इलाज असा : भावाच्या दोन नोंदींच्या मधे कुणी माघार घेतली असेल तर पहिला भाव उरलेल्या घोड्यांवर नव्यानं काढा. ते जमत नसेल तर ती शर्यत चाचणीतून सरसकट वगळा, आणि खेळतानाही वगळा.

चौथी पायरी : नोंदवही

प्रत्येक शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याची ओळ हवी, फक्त नियमात बसलेल्यांची नको. ज्यांचा भाव हलला नाही त्यांच्याशिवाय तुलना कुणाशी करणार? स्तंभ साधे आहेत : तारीख, जाहीर वेळ, प्रत्यक्ष वेळ, घोडा, ठरलेल्या प्रत्येक क्षणीचा भाव, त्या भावाला उभी असलेली रक्कम, माघार, अंतिम भाव, निकाल. बरोबरीत सुटलेल्या घोड्यांसाठी वेगळी खूण ठेवा. दोघांत बरोबरी झाली तर लावलेली रक्कम अर्धी धरली जाते, 6 च्या भावाला हाती 3 येतात.

एका शर्यतीची ओळ जवळून बघू. जाहीर वेळ 2.30. दोन वाजता घोड्याचा भाव 8. सव्वादोनला 7.6, 2.20 ला 7.2. मग 2.23 च्या आसपास कुठूनतरी पैसा येतो आणि 2.25 ला भाव 6.2. साडेबावीस टक्के उतार, नियम लागू. 2.26 ला फलकावर 6 आहे, पण त्या भावाला फक्त 12 एकक उभे आहेत, त्याखाली 5.8 ला 40. तुम्हाला 20 एकक लावायचे असतील तर 12 एकक 6 ला आणि 8 एकक 5.8 ला लागतील. सरासरी 5.92. शर्यत 2.33 ला सुटते, अंतिम भाव 5.4.

या एका ओळीत भावाला साजेसे पाच आकडे आहेत : 8, 6.2, 6, 5.92 आणि 5.4. घोडा जिंकला तर चाचणी यांतला कोणता उचलते, त्यावर पद्धत सोन्याची की मातीची हे ठरतं. बरोबर आकडा एकच, 5.92.

मी पहिल्यांदा अशी वही ठेवली तेव्हा संकेत मिळाला, म्हणजे नियम लागू झाला, त्या क्षणाचा भाव लिहीत होतो, म्हणजे वरच्या उदाहरणातला 6.2. दोन महिने वही फायद्यात होती. मग पुढच्या मिनिटाचा उपलब्ध भाव शेजारच्या स्तंभात लिहायला लागलो, आणि त्याच पैजा, तेच निकाल, पण बेरीज तोट्यात गेली. तेव्हापासून वेळ न लिहिलेला भाव मी हिशेबात घेतच नाही.

पाचवी पायरी : न मिळणारा भाव हिशेबात घुसू देऊ नका

समजा नियम असा केला की 30 मिनिटांआधीपासून सुटेपर्यंत ज्याचा भाव 25 टक्के उतरला तो घोडा लावायचा, आणि परतावा 30 मिनिटांआधीच्या भावानं काढला. 8 चा 6 झाला. अंतिम भाव अगदी अचूक आहे असं माना, म्हणजे घोडा सहातून एकदा जिंकतो. 8 च्या भावानं सरासरी परतावा निघेल 8 भागिले 6, म्हणजे 33 टक्के नफा. कोणतीही हुशारी न करता 33 टक्के! कारण चाचणीनं भविष्य पाहून भूतकाळात खरेदी केली. तीच पैज 6 ला लावली तर नफा शून्य, आणि गाळा किंवा कमिशन धरलं की तोटा.

इतक्या ढोबळ रूपात ही चूक कुणी करत नाही. ती वेश बदलून येते. दिवसातला सर्वोच्च भाव परताव्यासाठी घेणं हा तिचा एक वेश. जुन्या नोंदींत फक्त सकाळचा आणि सुटतानाचा भाव असतो म्हणून संकेत दुसऱ्यावरून आणि परतावा पहिल्यावरून काढणं, हा दुसरा. फेव्हरिट कोण हे अंतिम भावावरून ठरवून त्याला अर्ध्या तासाआधीचा भाव देणं, हा तिसरा. पडताळा घ्यायची माझी रीत अशी : संकेत ज्या क्षणी ठरला त्यानंतरचे सगळे स्तंभ झाकायचे आणि बघायचं, की कोणता घोडा लावायचा हे आता सांगता येतं का. येत नसेल तर नियमात भविष्य मिसळलंय.

सहावी पायरी : तुलना समान भावाच्या घोड्यांशीच

भाव उतरलेल्या घोड्यांवर 4 टक्के तोटा आला आणि सगळ्या घोड्यांवर सरसकट लावलं असतं तर 15 टक्के आला असता, असं समजा. मग उतरलेल्या भावात काही अर्थ आहे म्हणायचं का? एवढ्यावर नाही. 1949 मध्ये ग्रिफिथ या अभ्यासकांनी अमेरिकी शर्यतींवरून दाखवलं, की लोक लांब भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसा लावतात आणि जवळच्या भावाच्या घोड्यांवर कमी. त्यामुळे जवळच्या भावाच्या घोड्यांत तोटा मुळातच कमी असतो. भाव उतरला की घोडा आपोआप त्या गटात येतो. तुम्ही मोजला तो उताराचा परिणाम नसून निव्वळ जवळच्या भावाचा असेल.

म्हणून पैज लावायच्या क्षणी ज्यांचा भाव साधारण तेवढाच होता, पण जो उतरून तिथे आलेला नव्हता, असे घोडे वेगळे काढा. 5.5 ते 6.5 मधले तुमचे घोडे विरुद्ध 5.5 ते 6.5 मधले स्थिर घोडे. असे पाच-सहा गट पुरतात.

याची पक्की आवृत्ती संगणकावर करता येते. तुमच्या यादीतल्या प्रत्येक घोड्याच्या जागी त्याच भावगटातला कुठलाही एक घोडा चिठ्ठी टाकल्यासारखा उचला आणि सगळ्या यादीचा नफा-तोटा काढा. हे 1,000 वेळा करा. त्या 1,000 निकालांत तुमचा खरा निकाल वरून पन्नासाव्या क्रमांकाच्या आत बसत नसेल, तर उतारानं तुम्हाला वेगळं काही दिलं असं म्हणता येत नाही. स्प्रेडशीटमध्ये हे थोडं किचकट आहे, पण करा. निम्म्याअधिक पद्धती इथेच गळतील, असा माझा अंदाज आहे.

सातवी पायरी : किती पैजा पुरेत

हा भाग रुक्ष आहे, पण लोकांचं सर्वांत जास्त नुकसान हाच वगळल्यानं होतं.

प्रत्येक वेळी 1 एकक लावलं, भाव रास्त असला, तर एका पैजेच्या परताव्याचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीच्या किती इकडे-तिकडे पसरतात त्याचं माप) साधारण भाव वजा 1 च्या वर्गमुळाइतकं असतं. 6 भावाला ते 5 चं वर्गमूळ, म्हणजे 2.24 एकक. सरासरी परताव्यातली डुगडुग पैजांच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होते. 100 पैजांनंतर ती 22.4 टक्के असते. 400 नंतर 11.2. 1,000 नंतर 7.1. म्हणजे 6 भावाच्या 100 पैजांत 20 टक्के नफा झाला, तर तो निव्वळ नशिबानंही सहज होतो. 20 टक्के तोटाही तसाच.

पद्धत खरोखर 5 टक्के कमावते की नाही हे कळायचं असेल तर डुगडुग त्याच्या निम्मी, अडीच टक्के हवी. 6 भावाला त्यासाठी 8,000 पैजा लागतात. 3 भावाला 3,200 पुरतात, 11 भावाला 16,000 लागतात. दिवसाला पाच पैजा लागत असतील तर 8,000 पैजांना चार वर्षांहून जास्त काळ जाईल. यासाठीच जुन्या नोंदी लागतात. नुसत्या नव्या पैजांच्या भरवशावर हे होणार नाही.

हरण्याची रांगही आधीच काढून ठेवा. सहातून एकदा जिंकणाऱ्या घोड्यांवर 1,000 पैजा लावल्या, तर त्यांत कुठेतरी सलग 28 च्या आसपास पैजा हरणं अगदी स्वाभाविक आहे. पद्धत चांगली असो की वाईट. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बाराव्या हारेला नियम बदलणारा माणूस कोणतीच पद्धत तपासत नसतो.

आठवी पायरी : अंतिम भावाशी ताडून पाहा

8,000 पैजांची वाट पाहायला लागू नये म्हणून एक जवळचा रस्ता आहे. प्रत्येक पैजेत तुम्हाला मिळालेला भाव भागिले गाळा काढलेला अंतिम भाव, हे गुणोत्तर मांडा. 5.92 ला लावलं, अंतिम रास्त भाव 5.6, तर गुणोत्तर 1.057. घोडा जिंकला की हरला हे इथे बघायचंच नाही, त्यामुळे नशिबाचा मोठा भाग गळून पडतो आणि काहीशे पैजांतही चित्र दिसायला लागतं.

सरासरी गुणोत्तर कमिशन वजा करूनही 1 च्या वर टिकत असेल, तर तुम्ही उताराच्या मधे शिरताय. 1 च्या खाली असेल तर उतार संपल्यावर पोचताय, आणि भाव उतरण्यावर चालणाऱ्या पद्धतीत बहुधा असंच निघतं. मात्र याचा अर्थ अंतिम भाव बऱ्यापैकी अचूक असेल तरच लागतो. अगदी लहान बाजारात, जिथे थोड्या पैशानं भाव हलतो, तिथे या गुणोत्तरावर विसंबू नका. टोटवर तर हे मोजायचंच नाही, तिथे सगळ्यांना अंतिम भावच मिळतो.

नववी पायरी : नियम घडवायच्या शर्यती वेगळ्या, तपासायच्या वेगळ्या

20 टक्के उतार की 25? 30 मिनिटं की 20? या प्रश्नांची उत्तरं जुन्या नोंदींत शोधायला हरकत नाही, पण शोधाची किंमत मोजावी लागते. बिनकामाचे 20 वेगवेगळे नियम तपासले आणि प्रत्येकाला नशिबानं पास व्हायची 5 टक्के संधी असली, तर निदान एक तरी पास होण्याची शक्यता 64 टक्के आहे. तोच एक नियम मग आपल्याला शोध वाटतो.

नोंदी तारखेनं दोन भागांत तोडा. आधीच्या भागावर हवे तेवढे प्रयोग करा आणि किती नियम तपासले त्याची मोजणी ठेवा. नंतरचा भाग बंद ठेवा. नियम शेवटच्या शब्दापर्यंत कागदावर आला की बंद भाग एकदाच उघडा. तिथे नियम नापास झाला तर त्यात डागडुजी करून पुन्हा त्याच भागावर चालवू नका, तो भाग आता वापरला गेला. चिठ्ठ्या टाकून शर्यती दोन भागांत वाटण्यापेक्षा तारखेनं तोडणं बरं, कारण बाजार बदलत जातो आणि तुम्ही खेळणार पुढच्या शर्यतींवर.

आजूबाजूचे आकडेही चालवून बघा. 20 टक्के उताराला नफा, 18 ला तोटा, 22 ला तोटा, असं दिसलं तर तो नफा नोंदींच्या योगायोगातून आलाय. खरा परिणाम हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो.

दहावी पायरी : खरे पैसे, अगदी थोडे

इथवर पद्धत टिकली असेल तरच ही पायरी आहे, आणि हिचा हेतू कमाईचा नसून मिळणारा भाव मोजण्याचा आहे. तुम्ही राहता तिथे अशी पैज कायद्यानं चालते का आणि वयाची अट काय, हे आधी बघा. मग अशी रक्कम बाजूला काढा, जी पूर्ण गेली तरी घरातली एकही गोष्ट अडणार नाही. ती संपली की चाचणी संपली, पुन्हा भर घालायची नाही. हरलेली रक्कम भरून काढायला पुढची पैज वाढवावीशी वाटली, किंवा नियमात न बसणारा घोडा "एवढा एकच" म्हणून लावावासा वाटला, तर त्याच दिवशी थांबा आणि जवळच्या माणसाला सांगा. हे मी अगदी मनापासून लिहितोय. वही ठेवणारे, हिशेबी लोकही यातून घसरलेले मी पाहिलेत.

प्रत्येक पैज 1 एककाचीच ठेवा. जॉन केली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1956 मध्ये मांडलेलं सूत्र भाव आणि शक्यतेवरून किती लावायचं ते सांगतं, पण त्याला खरी शक्यता माहीत असावी लागते. तुम्ही अजून तीच तपासताय, म्हणून त्या सूत्राची ही वेळ नाही.

नोंदीत आता दोन भाव शेजारी-शेजारी लिहा : चाचणीनं धरलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला. न लागलेल्या पैजाही लिहा, कारण एक वाईट गोष्ट इथेच लपते. ज्या घोड्याचा भाव झपाट्यानं पडतो तिथे तुमची पैज लागायच्या आत भाव निघून जातो, आणि ज्याचा उतार थांबलाय तिथे ती आरामात लागते. म्हणजे चांगल्या पैजा हुकतात आणि सामान्य पैजा लागतात. 100 संकेतांपैकी किती लागल्या, आणि हुकलेल्यांत किती घोडे जिंकले, हे दोन आकडे वेगळे काढले की ते उघड दिसतं.

कागदावर सरासरी 6.1 धरला होता आणि हातात 5.7 पडतोय, असं 100 पैजांनंतर दिसलं, तर साडेसहा टक्के तिथेच गेले. अशा वेळी नियम बदलू नका. जुन्या नोंदींतल्या प्रत्येक भावातून तेवढे टक्के कापा, हुकलेल्या पैजांच्या प्रमाणात संकेत वगळा आणि पाचव्या पायरीपासून सगळी चाचणी पुन्हा चालवा.